रोज 70 किलोमीटरचा प्लॅन आधी फाडून टाका, मग न्यू फॉरेस्टबद्दल बोलू

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं जोडपं, काका 61 चे, काकू 57 च्या, रोज सकाळी गंगापूर डॅमपर्यंत सायकलने जाऊन येतात. मुलगी रेडिंगला असते, जूनमध्ये तिच्याकडे येणार आहेत आणि त्यात एक आठवडा इंग्लंडच्या खेड्यापाड्यातून, झाडीतून सायकलवर निवांत फिरायचंय. काकांनी प्लॅनही केलाय, कॉट्सवोल्ड्सचा, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या जुन्या देखण्या खेड्यांच्या भागाचा रूट, रोज 60-70 किमी, रोज नवीन मुक्काम, सगळं सामान सायकलवर. विचारलंय की जमेल का, रस्ते सपाट आहेत ना, आणि जंगलही बघायचंय तर ते कुठे बसवायचं.

काका, जमेल हो. पण निवांत नाही होणार, एवढं लिहून देते. मी 19 वर्षं साउदॅम्प्टनला राहते, बहुतेक रविवारी सायकलवर असते, आणि दर उन्हाळ्यात कोणा ना कोणाचे आईबाबा, सासूसासरे माझ्याबरोबर येतात, त्यामुळे तुमच्यासारखा एक्सेलमधला प्लॅन घेऊन आलेले पुष्कळ काका पाहिलेत. तिसऱ्या दिवशी ते काका गुडघ्याला आयोडेक्स लावून बसलेले असतात आणि काकू त्यांच्याशी बोलत नसतात.

आधी सपाटचं बघू. फोटोत कॉट्सवोल्ड्स हिरवंगार, लाटांसारखं दिसतं ना, त्या लाटा तुम्हालाच चढायच्या असतात. आपल्या घाटात रस्ता वळणं घेत घेत चढतो, लांब असतो पण चढ एकसारखा, एक गिअर लावला की माणूस तंद्रीत चढत जातो. इथल्या खेड्यातल्या बारक्या रस्त्यांना, ज्यांना लेन म्हणतात, ते लाड माहीत नाहीत. जुनी बैलगाडीची नाहीतर मेंढरांची वाट, त्यावरच डांबर टाकलेलं, नाकासमोर सरळ वर जाते. दोनशे मीटरच पण 15 टक्के, मग लगेच तेवढाच उतार, खाली ओढा, पुन्हा चढ. दिवसातून असं पंचवीस वेळा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा खात्याच्या नकाशावर रस्त्यावर बाणाचं एक टोक दिसलं की चढ 14 ते 20 टक्के, दोन टोकं दिसली की 20 च्या वर, आणि बाण उताराच्या दिशेला असतो. कॉट्सवोल्ड्सच्या नकाशात हे बाण मोजायला बसा एकदा, प्लॅन आपोआप बदलेल. शिवाय जूनमध्ये तिथली प्रसिद्ध गावं म्हणजे श्रावणी सोमवारचं त्र्यंबकेश्वर, बसच्या बस येतात.

म्हणून माझं म्हणणं असं की मुक्काम एकच ठेवायचा, पाच रात्री, ब्रॉकनहर्स्टला, आणि तिथून रोज 25-30 किमीचा एकेक फेरा मारून संध्याकाळी परत. हे न्यू फॉरेस्टच्या मधोमध असलेलं गाव आहे, हॅम्पशायरमध्ये. रेडिंगहून साउदॅम्प्टनमार्गे बोर्नमथला जाणारी थेट गाडी इथे थांबते. अख्ख्या फॉरेस्टमधली सगळ्यात उंच जागा 129 मीटर, त्यामुळे चढाची भानगड जवळजवळ नाही. 25 किमी ऐकून हसू नका. गेट उघडा, गेट लावा, घोडा बाजूला होईपर्यंत थांबा, झाडाखाली बसा, चहा प्या, यात सहा तास कुठे गेले कळत नाही.

आता नावाबद्दल. न्यू म्हणतात पण इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द कॉन्कररने, म्हणजे राजा विल्यमने, 1079 च्या सुमाराला शिकारीसाठी राखून ठेवलेला हा मुलूख आहे. फॉरेस्ट म्हणजे त्या काळी राजाची शिकारीची हद्द, दाट झाडी असा अर्थ नव्हताच, म्हणून पहिल्यांदा येणारे लोक म्हणतात अहो जंगल कुठेय, इथे तर नुसतं माळरान. झाडी आहे, उत्तम आहे, पण अधूनमधून. मी लोकांना सांगते की ताडोबा डोक्यातून काढा, हे गायरान समजा. खरोखर गायरानच आहे ते. आजूबाजूच्या ठराविक घरांना आणि जमिनींना चराईचा हक्क आहे, हक्क माणसाला नाही, घराला चिकटलेला, आणि ते हक्कदार लोक, त्यांना कॉमनर म्हणतात, आपले घोडे, गाई, गाढवं मोकळी सोडतात. घोडेच चार-पाच हजार असतील, जंगली वाटतात पण प्रत्येकाला मालक आहे. तंटे सोडवायला जवळच्या लिंडहर्स्ट गावात व्हर्डरर्सचं, म्हणजे या गायरानाच्या पंचांचं कोर्ट अजून भरतं.

एकदा गायरान म्हटलं की इथल्या निम्म्या गोष्टी उलगडतात. मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या कुणीतरी पट्टी लावून कापल्यासारख्या एका रेषेत दिसतील, त्या घोड्यांनी मान वर करून जिथवर पोचलं तिथवर खाल्लेल्या. गवत गालिच्यासारखं बारीक, तेही त्यांच्याच दातांचं काम. घोड्याच्या शेपटीकडे बघा, केस पायरी पायरीने कापलेले असतात, ते फॅशन म्हणून नाही, त्या वर्षीची चराईची फी भरली याची ती पावती. ॲजिस्टर नावाचे लोक ती कापतात, प्रत्येकाच्या भागाचा कट वेगळा, म्हणजे शेपटीवरून घोडा कुठल्या भागातला तेही कळतं. मला हे कळायला चार वर्षं लागली, तोवर मी त्यांना कोणी त्रास देतं असं समजून हळहळत होते. आणि सप्टेंबरनंतर आला असतात तर डुकरंही दिसली असती. ओकची हिरवी फळं घोड्यागाईंना विषारी, डुकरांना मेजवानी, म्हणून शरद ऋतूत निदान 60 दिवस डुकरं सोडतात, ती रस्ताभर मचमच करत फिरतात आणि बाकीची जनावरं वाचतात.

जूनमध्ये मात्र शिंगरं असतात, लांब पाय, चालताना धडपडणारी. फोटोचा मोह होतो, पण जवळ जाऊ नका, आई मागच्या पायांनी उत्तर देते. खायला तर काहीच द्यायचं नाही, 100 पाउंड दंड आहे, आणि कारणही बरोबर आहे, खाऊची सवय लागली की ते रस्त्याच्या कडेला गाड्यांची वाट बघत उभे राहतात आणि रात्री गाडीखाली येतात. माझी स्वतःची फजिती सांगते. हॅचेट पॉन्डपाशी आम्ही सायकली बाकाला टेकवून तळं बघत होतो, मागे कसला तरी चर्र आवाज आला म्हणून वळले तर एका करड्या घोड्याचं डोकं कानापर्यंत माझ्या पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरला लावायच्या पिशवीत, वेल्क्रो दातांनी उघडलेला. नणंदेने सांगलीहून पाठवलेल्या गुळपोळ्या, सहाच्या सहा, फॉइलसकट. पोळ्यांचं जाऊ दे, पण फॉइल पोटात गेलं तर त्याचा जीव जाईल म्हणून मी एका टोकाला ओढतेय आणि तो दुसऱ्या टोकाला, नवरा फोटो काढतोय. फॉइल निघालं शेवटी. तेव्हापासून बकल असलेलीच पॅनिअर वापरते आणि डबा स्टीलचा.

आता फेरे. पहिल्या दिवशी पश्चिमेला ऱ्हाइनफिल्ड. ब्रॉकनहर्स्टमधून निघालं की थोड्याच वेळात दोन्ही बाजूला उंचच उंच झाडं लावलेला रस्ता लागतो, 1859 च्या सुमाराला लावलेली, डग्लस फर आणि मोठे सेक्वॉया, त्यातले दोन पन्नास मीटरच्या आसपास असतील. सेक्वॉयाच्या सालीवर बोट दाबून बघा, थर्माकोलसारखी मऊ लागते, एवढ्या राक्षसी झाडाची. पुढे ए35 नावाचा हायवे आडवा येतो, तो पायी, सायकल हातात धरून ओलांडायचा, घाई नाही, गाड्या जोरात येतात. पलीकडे नाइटवुड ओक, पाचशे वर्षांहून जुना, खोडाचा घेर सात मीटरच्या वर. त्याला माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर छाटून पुन्हा फुटू दिलेलं, आपल्याकडे शेळ्यांच्या पाल्यासाठी छाटतात ना तसं. 1698 च्या कायद्याने हे छाटणं बंद केलं कारण आरमाराला जहाजांसाठी लाकूड हवं होतं. म्हणून असा छाटलेला जुना ओक दिसला की बहुतेक त्याच्या आधीचा समजायचं. तिथून बोल्डरवुडला हरणं बघायचा मचाण आहे, मग मागे फिरून वाटेतल्या बँक नावाच्या बारक्या गावातून घरी.

दुसऱ्या दिवशी पाय मोकळे झाले असतील तर पूर्वेला ब्यूली. लिहितात असं की आपण बोलियू म्हणून मोकळे होऊ, पण लोक ब्यूली म्हणतात, तिकीट काढताना कामाला येईल. थेट रस्ता आहे पण गाड्या फार, त्यापेक्षा हॉकहिलच्या झाडीतून खडीची वाट आहे, ती महायुद्धातल्या जुन्या विमानतळाच्या माळावर निघते, वारा तेवढा झेलावा लागतो. ब्यूलीत गाढवं दुकानाच्या दारात उभी असतात, गिऱ्हाइकांनी वळसा घालून जायचं. तिथला मठ 1204 चा, मोटारींचं म्युझियम पण आहे पण त्यात शिरलात तर दिवस गेला. मला विचाराल तर पुढे चार किलोमीटरवर बकलर्स हार्डला जा. नदीकाठी विटांच्या घरांच्या दोनच रांगा आणि मधे प्रचंड रुंद गवताचा उतार थेट पाण्यापर्यंत. एवढी रुंदी कशाला असा प्रश्न पडतो, तर ओकचे ओंडके ठेवायला आणि गडगडत न्यायला. आगामेम्नॉन नावाचं 64 तोफांचं जहाज इथे बांधलं, 1781 मध्ये पाण्यात सोडलं, पुढे इंग्रज आरमाराचा प्रसिद्ध सेनानी नेल्सन त्याचा कप्तान होता आणि ते ट्रफाल्गारच्या समुद्री लढाईतही होतं. आदल्या दिवशी ओक बघितलेला असतो ना, मग त्या उतारावर बसून हिशेब डोक्यात बसतो की झाड कुठून कुठे गेलं.

इथून परत त्याच वाटेने यायचं नसेल तर लेन धरून सेंट लेनर्ड्सवरून लिमिंग्टनला या, वाटेत मठाच्या धान्याच्या कोठाराची अवाढव्य पडकी भिंत शेतात उभी आहे. लिमिंग्टनला शनिवारी बाजार भरतो. दमला असाल तर तिथून ब्रॉकनहर्स्टला छोटी गाडी आहे, दहा मिनिटांची, सायकली आत घ्यायच्या आणि बसायचं. यात हरण्यासारखं काही नाही हो काका, काकूंना विचारा.

तिसरा फेरा सगळ्यात सोपा. 1847 मध्ये इथून एक रेल्वे गेली होती, एवढी वळणं घेत जायची की तिला कॅसलमनचा कॉर्कस्क्रू म्हणायचे. ब्रॉकनहर्स्ट ते रिंगवुड हा तुकडा 1964 मध्ये बंद झाला, रूळ उचलले, आणि आता त्या पट्ट्यावरून बराचसा भाग सायकलने जाता येतं. रेल्वेचा रस्ता म्हणजे चढ कधीच अंगावर येत नाही. होम्सलीला जुन्या स्टेशनच्या इमारतीतच चहाचं दुकान आहे, तिथे स्कोन खा, मग बर्लीला जाऊन परत. बर्लीत चेटकिणींच्या बाहुल्यांची दुकानं आहेत, पाच मिनिटं पुरे.

बाकीचे दोन दिवस मोकळे ठेवा. एक तरी दिवस पाऊस खाणारच.

सायकल कुठे चालवायची याचा नियम नीट समजून घ्या, कारण इथे आपले लोक चुकतात. इंग्लंडमध्ये फुटपाथ म्हणजे शेतातली पायवाट, तिथे सायकल नाही. ब्रायडलवे म्हणजे घोडेवाट, तिथे 1968 च्या कायद्याने सायकलला परवानगी आहे. पण न्यू फॉरेस्टमध्ये त्याहून वेगळं, सरकारी जमिनीवर फक्त नेमून दिलेल्या खडीच्या वाटांवरच सायकल चालते, शंभर मैलांहून जास्त आहेत, आणि फाट्याफाट्यावर आकडे लिहिलेले लाकडी खांब आहेत. नकाशावर काळ्या तुटक रेषांच्या वाटा शेकडो दिसतील, सुंदरही असतील, त्यावर जायचं नाही. माळरानावर जमिनीत घरटी करणारे पक्षी आहेत आणि कॉमनर लोकांचा सायकलवाल्यांवर आधीच राग आहे, त्यात भर नको. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल22 घ्या, 1:25,000 चा, कागदाचाच, झाडीत मोबाइलला रेंज दगा देते.

गेटं. लाकडासाठी राखलेल्या झाडीला कुंपण असतं आणि वाट आत शिरते तिथे गेट. बंद होतं तर बंदच करून जायचं, मागून दुसरे सायकलवाले दिसत असले तरी त्यांच्या हातात देऊन मगच निघायचं. गाई आत शिरल्या तर लावलेली रोपं साफ. डांबरी रस्त्यावर गेटऐवजी कॅटल ग्रिड असतो, म्हणजे रस्त्यातच खड्डा खणून वर आडवे लोखंडी पाइप, जनावर पाय टाकत नाही पण चाक जातं. त्यावरून सरळ काटकोनात जायचं, पॅडल न मारता, ब्रेक न लावता, हँडल न वळवता, पाऊस असेल तर उतरून बाजूच्या छोट्या गेटातून. ओल्या पाइपवर तिरकं चाक घातलं तर काय होतं ते माझ्या डाव्या कोपराला विचारा.

लेनमध्ये दोन्हीकडे उंच झुडपांची भिंत असते, वळणापलीकडचं काही दिसत नाही, त्यामुळे डाव्या काठाला चिकटून चालवायची आपली सवय इथे उलट धोक्याची. जरा मधे या म्हणजे समोरच्याला लवकर दिसता. 2022 पासून हायवे कोडमध्येच, म्हणजे इथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तकात, लिहिलंय की शांत रस्त्यावर सायकलने लेनच्या मधून चालावं आणि ओव्हरटेक करणाऱ्याने निदान दीड मीटर सोडावं. मागे गाडी आली तर घाबरून झुडपात शिरू नका, रुंद जागा आली की थांबा, तो हात करून जाईल, तुम्हीही करा. हॉर्न कोणी वाजवत नाही, सुरुवातीला ही शांतताच अंगावर येते. घोड्यावर बसलेलं कोणी दिसलं तर मागून घंटी वाजवायची नाही, लांबूनच हॅलो म्हणायचं आणि हळू, भरपूर अंतर ठेवून जायचं. मोकळ्या रस्त्यांवर वेगमर्यादा 40 मैल आहे पण सगळे पाळतात असं नाही.

सायकल नाशिकहून आणू नका. ब्रॉकनहर्स्टमध्ये भाड्याने मिळते, हायब्रिड घ्या, म्हणजे डांबर आणि खडी दोन्हीवर चालणारी, टायर 38-40 मिमीचे, सस्पेन्शनची गरज नाही. गुडघे कुरकुरत असतील तर खुशाल ई-बाइक घ्या, इथे मोटर 250 वॉटची असते आणि ताशी 25 किमीच्या वर मदत करत नाही, म्हणजे पॅडल तुम्हालाच मारायचंय. सीट मात्र पहिल्याच दिवशी दुकानासमोर दहा मिनिटं चालवून बदलून घ्या, संकोच करू नका. मुलीची सायकल रेल्वेत न्यायची असेल तर रेडिंगहून येणाऱ्या गाडीत सायकलच्या जागा मोजक्याच, आधी बुक करायला सांगा.

खाण्याचं वेळापत्रक आपल्यापेक्षा वेगळं आहे, उपाशी राहाल म्हणून सांगते. पबचं किचन बऱ्याच ठिकाणी दोन-अडीचला बंद होतं, मग संध्याकाळी सहापर्यंत नुसतं वेफर्सचं पाकीट. चहाची दुकानं चार-पाचला खुर्च्या उलट्या करतात. म्हणून साडेबाराला जेवायला बसा. शाकाहारी असाल तर सालीसकट भाजलेला बटाटा, वर चीज आणि बीन्स, हे कुठेही मिळतं, दोन दिवसांनी कंटाळा येतो, तेव्हा दशम्या आणि लसणाची चटणी बरोबर हवीच. पाण्याची बाटली पबमध्ये मागितली की भरून देतात.

गोचीड हा विषय काकू वाचत असतील तर नीट वाचा. इथल्या गवतात, नेच्यात बारीक गोचिडी असतात, तिळाएवढ्या, आणि त्यातल्या काहींमुळे लाइम नावाचा आजार होतो. फुल पँट, मोजे वर ओढलेले, आणि रोज अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेला हात फिरवून बघायचं. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढायची, तेल, चुना, काडेपेटी असले घरगुती उद्योग नकोत. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी गोल लाल चट्टा पसरताना दिसला तर डॉक्टरला दाखवा, नाशिकला परतल्यावर दिसला तरी, आणि न्यू फॉरेस्टला गेलो होतो हे आवर्जून सांगा, कारण तिथल्या डॉक्टरला एरवी सुचणार नाही.

वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून सकाळी ताज्या पायांनी वाऱ्यावर जा आणि परत येताना पाठीवर घ्या. उजेड जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत असतो त्यामुळे धावपळ करायची गरज नाही. जेवण झाल्यावर गावाच्या टोकाला रस्त्यावरून ओढा वाहतो तिथवर एक चक्कर मारा, सायकल न घेता, खाली शेवाळ असतं. त्या वेळेला घोडे गावात येतात आणि गाड्या गुमान त्यांच्यामागे रांग लावतात. रूम बुक करताना तळमजल्यावरची आणि सायकल ठेवायला कुलुपाची जागा आहे का तेवढं विचारा, आणि जूनच्या शनिवार-रविवारच्या रात्री टाळून सोमवारी येऊन शनिवारी सकाळी निघायचं बघा, स्वस्त पडतं.